नेटवर्क स्टोरेजवर फायली हलवताना मूळ तारखा कशा टिकवायच्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या डिस्कवरचं सगळं नॅसवर (नेटवर्कला जोडलेल्या स्टोरेजच्या डब्यावर) टाकलं, आणि आता पंधरा वर्षांच्या फायलींवर एकच तारीख दिसते, कालची. या तक्रारीच्या अवतीभवती जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात ते इथे घेतले आहेत. कमांड आणि त्यांचे स्विच (कमांडला जोडायचे पर्याय) देवनागरीत लिहिलेत. टाइप करताना तीच अक्षरं रोमन लिपीत टाकायची.

एका फाइलला तारखा असतात तरी किती?

विंडोजमध्ये रोज दिसतात त्या तीन. 'मॉडिफाइड' म्हणजे आतला मजकूर शेवटचा कधी बदलला. 'क्रिएटेड' म्हणजे ही फाइल या डिस्कवर कधी तयार झाली. 'अॅक्सेस्ड' म्हणजे शेवटची कधी उघडली. लिनक्स आणि मॅकवर 'सीटाइम' नावाची आणखी एक असते. त्यातल्या 'सी'मुळे ती क्रिएटेड असावी असं अनेकांना वाटतं, पण ती 'चेंज'ची आहे. फाइलचं नाव, मालक किंवा परवानगी बदलली तरी ती बदलते आणि ती हाताने मागे नेण्याची सोय सिस्टिम देत नाही. तिच्या नादी लागू नका.

अॅक्सेस्डही सोडून द्या. व्हिस्टापासून विंडोजने ती प्रत्येक वाचनाला बदलणं मुळातच बंद ठेवलं होतं, आणि लिनक्सही 2009 पासून ती क्वचितच ताजी करतं. मॉडिफाइड मात्र जिवापाड जपायची. क्रमवारी, बॅकअप, सिंक, 'यातली नवी प्रत कुठली' हा वाद, सगळं तिच्यावर चालतं. क्रिएटेड टिकली तर उत्तम, पण तिच्यावर फार विसंबू नये. का, ते पुढे येईलच.

या तारखा फाइलच्या आत नसतात का?

नसतात. त्या फाइल सिस्टिमच्या, म्हणजे डिस्कवर फायली मांडणाऱ्या व्यवस्थेच्या, वहीत असतात. कॉपी करणं म्हणजे दुसऱ्या वहीत नवी नोंद करणं, आणि त्या नोंदीत जुनी तारीख लिहायची की आजची, हे कॉपी करणारा प्रोग्राम ठरवतो. म्हणून तीच फाइल, तेच नॅस, पण वेगळा प्रोग्राम वापरला की निकाल वेगळा. दोष बहुतेक वेळा नॅसचा नसतोच.

कॉपी केलेल्या फाइलची क्रिएटेड आजची आणि मॉडिफाइड 2011 ची दिसते. तयार होण्याआधीच बदलली कशी?

विंडोज एक्सप्लोररने कॉपी केल्यावर हेच अपेक्षित आहे. मजकूर 2011 नंतर बदललेला नाही, म्हणून मॉडिफाइड तशीच राहिली. ही प्रत मात्र आज जन्माला आली, म्हणून क्रिएटेड आजची. काहीही बिघडलेलं नाही. उलट क्रिएटेड मॉडिफाइडपेक्षा नवी असेल, तर ती फाइल कुठून तरी कॉपी होऊन आली असावी असा अंदाज बांधता येतो.

एक्सप्लोररमध्ये फोल्डरला 'डेट क्रिएटेड'नुसार लावून ठेवायची सवय असेल, तर ती मॉडिफाइडवर आणा. निम्म्या लोकांची तक्रार इथेच मिटते.

मग कॉपी-पेस्टऐवजी कट-पेस्ट करू का?

विंडोजमध्ये एका ड्राइव्हवरून दुसऱ्यावर कट-पेस्ट केलं की क्रिएटेडही सहसा सोबत जाते, हे खरं. पण तेवढ्यासाठी हे करू नका. हजारो फायली हलवताना मध्येच नेटवर्क तुटलं, तर अर्ध्या इकडे आणि अर्ध्या तिकडे, आणि ताडून पाहायला पूर्ण मूळ संच कुठेच नाही. आधी कॉपी, मग पडताळणी, आणि नॅसचा स्वतःचा एक बॅकअप झाल्यावरच मूळ प्रती पुसायच्या.

फायलींच्या तारखा टिकल्या, पण सगळ्या फोल्डरांवर आजची तारीख आली. का?

एक्सप्लोरर फोल्डर कॉपी करत नाही, तो नॅसवर नवा फोल्डर बनवतो आणि त्यात फायली भरतो. फोल्डरची मॉडिफाइड म्हणजे त्यातली यादी शेवटची कधी बदलली. यादी आत्ताच भरली, म्हणून तारीख आत्ताची. ती टिकवायची तर आधी सगळं भरून, मग शेवटी फोल्डरवर जुनी तारीख लावणारा प्रोग्राम लागतो. विंडोजमध्ये रोबोकॉपी, बाकीकडे आरसिंक.

इतकं करूनही फोल्डरची तारीख नाजूकच. मॅकवरून नॅसचा फोल्डर नुसता उघडून पाहिला तरी फाइंडर (मॅकचा फायली दाखवणारा प्रोग्राम) त्यात 'डॉट डीएस स्टोअर' नावाची लपलेली फाइल टाकू शकतो, आणि गेली तारीख. विंडोजची 'थम्ब्स डॉट डीबी' हाच उद्योग करते. मॅकला हे नेटवर्क ड्राइव्हवर करू नको असं सांगता येतं: डिफॉल्ट्स कमांडने 'डीएसडोन्टराइटनेटवर्कस्टोअर्स' ही सेटिंग ट्रू करायची.

रोबोकॉपी नेमकी कशी चालवायची?

ती विंडोजमध्ये आधीपासूनच असते, वेगळी उतरवावी लागत नाही. कमांड प्रॉम्प्टमध्ये:

रोबोकॉपी "डी:\फोटो" "\\नॅस\शेअर\फोटो" /ई /कॉपी:डीएटी /डीकॉपी:डीएटी /आर:2 /डब्ल्यू:5

'ई' म्हणजे रिकाम्या फोल्डरांसकट सगळं. 'कॉपी:डीएटी'मधलं डी म्हणजे डेटा, ए म्हणजे अॅट्रिब्यूट आणि टी म्हणजे टाइमस्टॅम्प. हे तर न सांगताही होतंच. लोक विसरतात ते 'डीकॉपी'. फोल्डरांसाठी ठरलेली किंमत फक्त 'डीए' असते, त्यात टी नाही. ते टी घातलं की फोल्डरांच्या तारखा टिकतात.

'आर' आणि 'डब्ल्यू' का? एखादी फाइल उघडत नसेल तर रोबोकॉपी मुळात दहा लाख वेळा प्रयत्न करते, दर वेळी 30 सेकंद थांबून. रात्री लावून झोपलात तर सकाळी ती पहिल्याच अडलेल्या फाइलवर बसलेली सापडेल. दोन प्रयत्न, पाच सेकंद पुरे.

पहिल्यांदा शेवटी '/एल' जोडून चालवा. मग ती काहीच कॉपी करत नाही, काय केलं असतं तेवढं दाखवते. फायलींची नावं देवनागरीत असतील आणि लॉग ठेवायचा असेल, तर '/लॉग'ऐवजी '/युनिलॉग' वापरा.

दोन खाचखळगे. अवतरणचिन्हातला पत्ता उलट्या तिरक्या रेघेने संपवू नका. "डी:\फोटो\" असं लिहिलं की शेवटची रेघ बंद होणाऱ्या अवतरणचिन्हाला गिळते आणि कमांड भलतंच काही समजते. दुसरं, अख्खा ड्राइव्ह मुळापासून कॉपी केला, तर त्याचे 'हिडन' आणि 'सिस्टिम' हे गुण नॅसवरच्या फोल्डरला चिकटतात आणि फोल्डर गायब झाल्यासारखा वाटतो. तो तिथेच असतो. 'अॅट्रिब' कमांडने हे दोन्ही गुण काढले की दिसू लागतो.

इंटरनेटवरच्या बऱ्याच नमुना कमांडींत '/एमआयआर' असतं. ते मूळ बाजूला नसलेलं सगळं नॅसवरून पुसतं. नॅसवर त्या फोल्डरात आधीचं काही असेल तर त्याच्या जवळही जाऊ नका.

कमांड नकोच वाटत असेल तर टेराकॉपी वापरा. तेही मूळ तारखा राखतं.

मॅकवरून?

फाइंडरने ओढून टाकलं तरी मॉडिफाइड आणि क्रिएटेड दोन्ही सहसा जातात. टर्मिनलच आवडत असेल तर 'डिटो' ही कमांड. आरसिंक वापरणार असाल तर आवृत्ती तपासा: मॅकसोबत वर्षानुवर्षं 2.6.9 ही 2006 मधली आवृत्ती येत होती. क्रिएटेड टिकवणारा 'मोठा एन' हा स्विच 3.2.3 पासून आला.

लिनक्सवरून?

साधं 'सीपी' (लिनक्सची कॉपीची कमांड) मॉडिफाइडसुद्धा आजची करून टाकतं. 'सीपी' वजा 'ए' (म्हणजे आडव्या रेघेपुढे 'ए'), किंवा आरसिंक वजा 'ए' वापरा. आरसिंकमध्ये तारखा टिकवतो तो 'टी'. 'ए'मध्ये तो आलाच. आरसिंक बदल ओळखतं ते फाइलचा आकार आणि मॉडिफाइड पाहून, त्यामुळे 'टी' विसरलात तर पुढच्या फेरीत त्याला सगळ्याच फायली बदललेल्या वाटतील आणि सगळं काम पुन्हा पहिल्यापासून.

नॅसवर क्रिएटेड तारीख ठेवली कुठे जाते?

हे एकदा समजलं की पुढचे बरेच घोळ आपोआप उलगडतात.

घरगुती आणि लहान कचेरीतली बहुतेक नॅस आतून लिनक्स असतात. लिनक्सच्या एक्स्ट4, बीटीआरएफएस यांसारख्या फाइल सिस्टिममध्ये जन्मवेळेची नोंद असते, पण ती बाहेरून बदलायची सोय लिनक्स कर्नल देतच नाही. मॉडिफाइड आणि अॅक्सेस्ड लावता येतात, जन्मवेळ नाही. मग विंडोज जेव्हा 'या फाइलची क्रिएटेड 2009 ची ठेव' असं सांगतं, तेव्हा नॅसवरचा सांबा हा सर्व्हर ती तारीख फाइलला जोडलेल्या एका जादा गुणधर्मात लिहून ठेवतो. या गुणधर्माचं नाव 'युजर डॉट डॉसअॅट्रिब'. पुढच्या वेळी विंडोजने विचारलं की तिथूनच वाचून सांगतो.

आता समजा तुम्ही एसएसएचने (दुरून कमांड चालवायच्या लॉगिनने) नॅसमध्ये शिरून तो फोल्डर दुसऱ्या व्हॉल्यूमवर 'आरसिंक वजा ए'ने हलवला. मॉडिफाइड टिकली, पण 'ए'मध्ये जादा गुणधर्म येत नाहीत. क्रिएटेड तिथेच गळाली. त्यासाठी 'मोठा एक्स' वेगळा जोडावा लागतो. 'सीपी' वजा 'ए' मात्र तो गुणधर्म सोबत नेतं. एका नॅसवरून दुसऱ्यावर जाताना बहुतेकांचं इथेच फसतं, कारण लिनक्सच्या बाजूने पाहिलं तर सगळं बरोबर दिसत असतं.

गुणधर्म नसेल तर? सांबा बऱ्याचदा उरलेल्या तारखांतली सर्वांत जुनी उचलून तीच क्रिएटेड म्हणून दाखवतो. म्हणून कधीकधी क्रिएटेड आणि मॉडिफाइड सेकंदासकट सारख्या दिसतात. ती टिकलेली तारीख नव्हे, सांबाचा अंदाज आहे.

एनएफएसने (लिनक्सकडच्या फाइल शेअर करायच्या पद्धतीने) जोडत असाल तर आवृत्ती 3 मध्ये क्रिएटेड हा प्रकारच नाही.

नॅसच्या वेब पानावरून, ब्राउझरमध्ये ओढून अपलोड केलं तर?

मोठ्या संचासाठी करू नका. ब्राउझरला फाइलची मॉडिफाइड वाचता येते. ती पुढे पाठवायची की नाही हे त्या नॅसच्या पानावर अवलंबून. क्रिएटेड ब्राउझरला कळतच नाही, त्यामुळे ती जाण्याचा प्रश्नच नाही.

एफटीपी किंवा एसएफटीपीने?

एसएफटीपीत तारीख लावायची सोय आहे, विनएससीपी तर ती मुळातच वापरतं. 'एससीपी' कमांडला 'पी' जोडा. फाइलझिलामध्ये 'ट्रान्सफर' मेनूत टाइमस्टॅम्प राखायचा पर्याय आहे, त्यावर टिक करा. साध्या एफटीपीत सर्व्हरने साथ दिली तरच.

फोनमधले फोटो नॅसवर टाकल्यावर सगळे एकाच दिवशीचे दिसतात. काढलेल्या दिवसाची तारीख गेली का?

बहुतेक नाही. फोटोला तारखांचा दुसरा, जास्त भरवशाचा संच असतो, आणि तो फाइलच्या आत असतो. त्याला एक्झिफ म्हणतात. कॅमेऱ्याने बटण दाबल्याची वेळ तिथे 'डेटटाइमओरिजिनल' या नावाने लिहिलेली असते, आणि कितीही वेळा कॉपी केलं तरी ती हलत नाही. एक्सप्लोररमध्ये 'डेट टेकन' हा रकाना चालू केलात की ती दिसेल. फोटोंची बरीच अॅप्सही हीच तारीख आधी वाचतात.

फाइलची तारीख एक्झिफप्रमाणे करायची असेल तर एक्झिफटूल हे मोफत साधन आहे. 'डेटटाइमओरिजिनल'मधली वेळ 'फाइलमॉडिफायडेट'मध्ये टाक, एवढं एका ओळीत सांगता येतं, आणि ते अख्ख्या फोल्डरावर चालतं. आधी दहा फोटोंच्या प्रतींवर करून पाहा.

अडचण येते ती व्हॉट्सअॅपवरून आलेल्या फोटोंची. तिथे एक्झिफ गळून पडतं. पण अँड्रॉइडवर नावातच तारीख असते: आयएमजी-20230512-डब्ल्यूए0007 म्हणजे 12 मे 2023 चा. ती फोटो काढल्याची नसून मिळाल्याची असते, तरी कालच्या तारखेपेक्षा बरीच बरी. एक्झिफटूलला नावातून तारीख उचलायलाही सांगता येतं. म्हणून अशा फायलींची नावं 'आजीचा वाढदिवस 1' वगैरे करण्याआधी तारखेचा बंदोबस्त करा.

अँड्रॉइडवरून केबलने कॉपी करताना तारखा राखण्याची खात्रीची वाट म्हणजे एडीबी या अँड्रॉइडच्या संगणकावरून चालणाऱ्या साधनाची 'एडीबी पुल' वजा 'ए' ही कमांड.

वर्ड आणि पीडीएफच्या फायलींचं?

त्यांच्याही आत तयार झाल्याची आणि बदलल्याची तारीख असते. वर्डमध्ये 'इन्फो'खाली, पीडीएफमध्ये 'प्रॉपर्टीज'मध्ये. पुरावा म्हणून तारीख दाखवायची वेळ आली तर आधी तिथे पाहा.

काही फायलींवर 1970, 1980 किंवा 1984 अशा अशक्य तारखा आहेत. या आल्या कुठून?

प्रत्येक व्यवस्थेचा शून्य वेगळा असतो. युनिक्स 1 जानेवारी 1970 पासून सेकंद मोजतं, त्यामुळे तारीख हरवून शून्य उरला की 1970 दिसतं. काही भागांत टाइम झोनमुळे तेच 31 डिसेंबर 1969 होतं. एनटीएफएसची (विंडोजच्या डिस्कवरच्या फाइल सिस्टिमची) मोजणी 1601 पासून. फॅट (पेनड्राइव्ह, मेमरी कार्डवरची जुनी फाइल सिस्टिम) आणि झिप 1980 च्या आधीची तारीख लिहूच शकत नाहीत. बॅटरी उतरलेले बरेच कॅमेरेही त्याच वर्षात जाऊन बसतात.

24 जानेवारी 1984 मात्र वेगळी. त्या दिवशी पहिला मॅकिंटॉश बाजारात आला, आणि कॉपी चालू असताना फाइंडर फाइलवर तात्पुरती हीच तारीख लावतो. कॉपी पूर्ण झाली की खरी तारीख येते. म्हणजे नॅसवर 1984 ची, करड्या रंगाची फाइल दिसली, तर तिची कॉपी अर्धवट राहिली आहे. तारीख दुरुस्त करत बसू नका, ती प्रत टाकून मूळ फाइल पुन्हा आणा.

सगळ्या तारखा बरोबर एक तासाने, किंवा काही तासांनी, पुढेमागे आहेत.

एनटीएफएस आणि लिनक्स वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) ठेवतात, फॅट32 स्थानिक वेळेत. पेनड्राइव्ह किंवा मेमरी कार्डवरून आलेल्या फायलींची वेळ म्हणूनच सरकते, विशेषतः जिथे उन्हाळ्यात घड्याळं बदलतात तिथे. नॅसचा टाइम झोन आणि एनटीपी (घड्याळ नेटवर्कवरून जुळवण्याची) सेटिंग आधी तपासा. एका तासाचा फरक रोबोकॉपीला '/डीएसटी' देऊन दुर्लक्षित करता येतो.

दर वेळी सिंक चालवलं की काहीही न बदलता हजारो फायली पुन्हा कॉपी होतात.

दोन सेकंदांचा खेळ. फॅट मॉडिफाइड वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यांत ठेवतं. 10:15:07 ला जतन झालेली फाइल तिथे 06 किंवा 08 दाखवते. एनटीएफएस मात्र सेकंदाचा कोट्यंशही लिहितं. दोन्हीकडच्या वेळा जुळत नाहीत, आणि प्रोग्रामला फाइल बदलल्यासारखी वाटते. रोबोकॉपीला '/एफएफटी', आरसिंकला 'मॉडिफाय-विंडो' 1 द्या.

आरसिंक 'फेल्ड टू सेट टाइम्स' म्हणतं. फायली तर पोचल्या आहेत.

मालकी दुसऱ्या कुणाची आहे. लिखाणाची परवानगी असली तरी लिनक्स तुम्हाला फाइलवर फक्त 'आत्ताची' वेळ लावू देतं. जुनी वेळ लावायचा हक्क मालकाचा. ज्या खात्याच्या नावावर नॅसवरचा फोल्डर आहे त्याच खात्याने कॉपी करा. फक्त फोल्डरांवरच अडत असेल आणि त्यांच्या तारखांचं सोयरसुतक नसेल, तर 'मोठा ओ' देऊन ते वगळा.

झिप करून नेलं तर तारखा सुरक्षित राहतात का?

मॉडिफाइड राहते, पण जुन्या पद्धतीच्या झिपमध्ये तीही दोन सेकंदांच्या टप्प्यात आणि स्थानिक वेळेत. टार (लिनक्सकडचा तसाच फायलींचा गठ्ठा) जास्त बरं. एरवी नुसत्या तारखांसाठी हा व्याप करू नये.

तारखा गेल्या आहेत, पण जुनी डिस्क अजून आहे. परत लावता येतील का?

येतील, आणि सगळं पुन्हा वाहून न्यावं लागेलच असं नाही.

एक्सप्लोररने कॉपी केलं असेल तर मॉडिफाइड जुळतेच, फक्त क्रिएटेड चुकलेली असते. अशा फायली रोबोकॉपीला 'सारख्याच' वाटतात आणि ती त्या सोडून देते. वरच्याच कमांडला '/टिमफिक्स' जोडा, म्हणजे सोडलेल्या फायलींच्याही तारखा दुरुस्त होतात. मॉडिफाइडच बिघडली असेल तर आरसिंकला 'आर', 'टी', 'साइज-ओन्ली' आणि 'एक्झिस्टिंग' द्या. आकार जुळणाऱ्या फायलींचा मजकूर न हलवता फक्त तारीख लागते.

पण मधल्या काळात कुणी नॅसवरच्या फायलींवर काम केलं असेल तर थांबा. रोबोकॉपी आणि आरसिंक, दोन्ही नवी फाइल जुन्या प्रतीने झाकायला कचरत नाहीत. आधी '/एल' किंवा आरसिंकचा 'एन' लावून यादी पाहा, नव्याने बदललेल्या फायली बाजूला काढा, मगच खरी कमांड.

जुनी डिस्क लवकरच द्यायची आहे. तारखांची निदान यादी काढून ठेवता येईल?

जरूर काढा, काही मिनिटांचं काम आहे. पॉवरशेलमध्ये 'गेट-चाइल्डआयटम' रिकर्स लावून चालवा, त्यातून फुलनेम, क्रिएशनटाइमयूटीसी आणि लास्टराइटटाइमयूटीसी हे तीन रकाने निवडा आणि 'एक्सपोर्ट-सीएसव्ही'ने फाइलमध्ये उतरवा. यूटीसीवालेच रकाने घ्या, म्हणजे टाइम झोनचा गोंधळ यादीत शिरणार नाही. आणि 'एन्कोडिंग यूटीएफ8' सांगायला विसरू नका: विंडोजसोबत येणाऱ्या पॉवरशेल 5.1 मध्ये ते न सांगितल्यास देवनागरी नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं उमटतात, आणि कुठली तारीख कुठल्या फाइलची हे त्या यादीवरून ओळखता येत नाही.